चष्मा काढला की

सकाळी आठची ओव्हर, म्हणजे रात्रपाळीनं दिवसपाळीला वॉर्ड सोपवायची वेळ, चालू होती. नाइटची स्टाफ एकेका खाटेबद्दल सांगत होती आणि मी, वॉर्डची इन्चार्ज सिस्टर, मागून चार्ट चाळत होते. नऊ नंबर: हर्नियाचं ऑपरेशन, तिसरा दिवस, ताप नाही, टाके कोरडे, उद्या घरी जायची. अशा पेशंटचं बी.पी. रात्रीत दोनदा लिहिलं तरी पुष्कळ. या चार्टवर 21 आकडे होते. पहिला 10 वाजून 5 मिनिटांचा. मग बारापर्यंत दर पंधरा मिनिटांनी आणि बारानंतर पहाटे सहापर्यंत दर अर्ध्या तासानं. 110/70, 112/70, 110/74. अक्षर एकसारखं, कुठं खाडाखोड नाही. चाळीस खाटांचा वॉर्ड, रात्री एकटी स्टाफ, आणि तिनं सगळ्यात ठणठणीत बाईच्या उशाशी रात्र काढली होती.

ओव्हर संपल्यावर मी तिला थांबवलं. "नऊ नंबरला काय झालं होतं?"

आधी काही नाही म्हणाली. मग रडायला लागली. नऊ आणि अकरा नंबरच्या दोन्ही बायकांचं नाव एकच. आडनाव वेगळं, पण रात्रीचे दहा, हातात ट्रे, आणि दोघी तोंडावर पांघरूण घेऊन झोपलेल्या. हिनं नाव घेऊन हाक मारली, बाईनं झोपेत 'हां' केलं, आणि अकरा नंबरचं अँटिबायोटिक नऊ नंबरच्या शिरेत गेलं. रिअ‍ॅक्शन येते का ते बघायचा टेस्ट डोस न देता. खाटेचा नंबर नजरेस पडला तोवर सिरिंज रिकामी झाली होती.

त्यानंतर तिनं बरंचसं बरोबर केलं. इमर्जन्सी ट्रे खाटेशी आणून ठेवला, अ‍ॅड्रिनलिनची अँप्यूल काढून ठेवली, अकरा नंबरला तिचा डोस दिला आणि परत येऊन नऊ नंबरची नाडी धरून बसली. केलं नाही ते एवढंच, की कुणाला सांगितलं नाही. ड्युटीवरच्या डॉक्टरांना नाही, मला तर नाहीच. रिअ‍ॅक्शन आली असती तर ही एकटी पोर आणि धावपळ करायला एक मावशी.

काही झालं नाही. मी डॉक्टरांना बोलावलं, त्यांनी बाईला तपासलं, आम्ही बाईला आणि तिच्या नवऱ्याला काय घडलं ते सांगितलं, कागद भरले. नवरा आमच्यापेक्षा शांत होता. "सांगितलं हे बरं केलं," म्हणाला. पण माझ्या डोक्यातून एक गोष्ट जाईना. माझं क्वार्टर हॉस्पिटलच्या मागच्या अंगाला आहे, चालत चार मिनिटं. फोन रात्रंदिवस चालू असतो आणि हे वॉर्डात सगळ्यांना माहीत आहे. तरी या पोरीला मला फोन करण्यापेक्षा रात्रभर जीव मुठीत धरून बसणं सोपं वाटलं.

"मला का नाही फोन केलास? मी कधी रागावले आहे का तुला?"

"नाही ना मॅडम," ती म्हणाली. "तुम्ही रागावत नाही."

ही माझी तारीफ नव्हती, तक्रार होती, हे कळायला मला पुढचे दोन-तीन दिवस लागले.

मी रागावत नाही याचा मला फार अभिमान होता. माझ्या पहिल्या वॉर्डातल्या इन्चार्ज सिस्टर किडनी ट्रे फेकायच्या. म्हणायची पद्धत म्हणून नव्हे, खरोखर फेकायच्या. स्टीलचा ट्रे फरशीवर पडून गरगर फिरत राहायचा आणि तो थांबेपर्यंत आम्ही सगळ्या श्वास रोखून उभ्या. तेव्हाच ठरवलं होतं, आपल्या हातात कधी वॉर्ड आला तर आपण असं वागायचं नाही. आला तेव्हा नाहीच वागले. आवाज चढवला नाही, चारचौघांत कुणाचा पाणउतारा केला नाही. नर्सिंगच्या विद्यार्थिनींना मी हे उदाहरण म्हणून सांगायचे सुद्धा. ट्रेवाल्या सिस्टरांचं नाव न घेता, पण ट्रे कसा गरगरायचा ते हातानं दाखवून.

त्याच्या आदल्या वर्षी आम्हा इन्चार्ज लोकांचं एक ट्रेनिंग झालं होतं. विषय 'नेतृत्वगुण विकास'. एसी हॉल, टाय लावलेले सर, प्रत्येकीला एक फाइल आणि एक पेन. सरांनी फळ्यावर चार कप्प्यांची खिडकी काढली आणि म्हणाले, ही जोहरी विंडो. आम्हाला वाटलं कुणी जोहरी आडनावाचे उत्तरेकडचे प्राध्यापक असतील. तसं नाही. जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगम या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 1955 मध्ये ती मांडली आणि जो आणि हॅरी जोडून जोहरी केलं. एका कप्प्यात आपल्याबद्दल आपल्यालाही माहीत आणि लोकांनाही माहीत अशा गोष्टी. दुसऱ्यात आपल्याला माहीत, पण लोकांपासून झाकलेल्या. तिसऱ्यात लोकांना माहीत आणि आपल्याला पत्ताच नाही अशा. चौथ्यात कुणालाच माहीत नसलेल्या.

सर म्हणाले, डोळे मिटा, आत डोकावा आणि चारही कप्पे भरा. वेळ दहा मिनिटं.

आम्ही भरले! पस्तीस अनुभवी बायका, दिवसभर दुसऱ्यांच्या चुका पकडणाऱ्या, आणि एकीच्याही लक्षात आलं नाही की तिसरा कप्पा डोळे मिटून भरताच येत नाही. मी त्यात लिहिलं होतं, 'स्वतःकडे दुर्लक्ष करते.' शेजारणीनं लिहिलं होतं, 'सगळ्यांवर पटकन विश्वास टाकते.' दुर्गुण म्हणून लोक जे लिहितात ते बहुतेक वेळा वेषांतर केलेले सद्गुणच असतात. नोकरीच्या मुलाखतीत मुलं सांगतात ना, 'मी जरा जास्तच मेहनती आहे'? त्यातलाच प्रकार.

तो कप्पा माझ्यासाठी शेवटी मावशींनी भरला.

आमच्या वॉर्डातल्या मावशी माझ्याआधीपासून तिथं आहेत. इन्चार्ज येतात, बदली होऊन जातात, मावशी आणि पिंपळ तिथंच. चार्टवाल्या प्रकाराला आठवडा झाला असेल. दुपारी राउंड वगैरे आटोपून मी स्टोअरमध्ये इंडेंट, म्हणजे सामानाची मागणी, लिहीत बसले होते आणि त्या लिनन मोजत होत्या. मी सहज म्हणाले, तेवढं सहज नव्हतं ते, पण तसं दाखवून म्हणाले, "मावशी, पोरी मला घाबरतात का हो?"

त्यांनी चादरींची चळत खाली ठेवली. "राग नाही ना येणार शिष्टर?"

"नाही."

"तुम्ही चष्मा काढला की पोरी गप होतात."

मला कळेना. मावशींनी मग करूनच दाखवलं. नसलेला चष्मा दोन बोटांनी काढला, साडीचा पदर घेतला आणि एकेक काच सावकाश पुसायला लागल्या. मान खाली, ओठ मिटलेले, समोर कुणी उभं आहे याची दखलच नाही. पुसून झालं, चष्मा परत नाकावर चढवला आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "बरं. जा."

इतकी हुबेहूब की मला हसूच आलं. आणि मग आलं नाही.

"किती वर्षं करते मी हे?"

"आल्यापासनं. पोरी सांगतात ना नव्या पोरीला. चष्मा नाकावर असला तर बोलून घे. काढला की निघ तिथनं."

म्हणजे वॉर्डात रुजू होणाऱ्या प्रत्येक मुलीला औषधांचं कपाट, ऑक्सिजनचा पॉइंट आणि माझा चष्मा एकाच दिवशी दाखवला जात होता. तिशीतली, विशीतली, शिकाऊ, सगळ्यांना माहीत. बहुधा डॉक्टरांनाही. माहीत नव्हतं ते फक्त चष्मेवालीला. मला वाटायचं की मी त्या वेळी स्वतःला आवरतेय, शब्द तोलतेय. समोरच्या पोरीला मात्र तो अर्धा मिनिट ट्रे फरशीवर गरगरत राहिल्यासारखा वाटत होता. फरक इतकाच, की ट्रे केव्हातरी थांबतो हे आम्हाला ठाऊक असायचं.

रात्री भावाला फोन केला. गावाकडे असतो तो. त्याला गंमत म्हणून हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "अगं, ते अण्णांचं आहे." आमचे वडील प्राथमिक शिक्षक. मला त्यांचं चष्मा पुसणं आठवतच नव्हतं, आठवत होता तो फक्त पोटातला गोळा. भावाला दोन्ही आठवत होतं. यावर मी जास्त काही म्हणणार नाही. बापाकडे बोट दाखवलं की आपलं काम संपतं असं हल्ली पुष्कळांना वाटतं. चष्मा माझ्या नाकावर होता.

आता यातून बाहेर पडायचं म्हणून मी जे जे केलं ते सांगते. त्यात हसण्यासारखं बरंच आहे.

पहिलं म्हणजे मीटिंग घेतली. सगळ्यांना चहा सांगितला आणि म्हणाले, "कुणी मला घाबरायचं नाही. चूक झाली तर लगेच सांगायचं." सगळ्यांनी माना डोलावल्या. काहींनी वहीत लिहून घेतलं! इन्चार्जनं 'घाबरू नका' म्हणणं हीसुद्धा ऑर्डरच असते, आणि ऑर्डर ऐकून घ्यायची त्यांना सवय होती. महिनाभर कुणी काही सांगितलं नाही. चुका होत नव्हत्या असं थोडंच आहे.

मग पेटी बसवली. ड्रेसिंगचे गॉज ठेवायचा जुना पत्र्याचा डबा, त्याला वर चीर पाडून घेतली, कुलूप लावलं आणि चेंजिंग रूममध्ये टांगला. 'आपल्या सूचना येथे टाका.' दोन महिन्यांनी उघडला तर आत एक चॉकलेटचा कागद आणि दोन चिठ्ठ्या. पहिल्या चिठ्ठीवर होतं: 'पेटीला कुलूप आहे. पण किल्ली मॅडमकडे आहे.' दुसरीवर चारच शब्द: 'दिवाळीच्या नाइट ड्युट्या बघा.' अक्षर डाव्या हातानं काढल्यासारखं. मी दोन्ही चिठ्ठ्या ड्रॉवरमध्ये टाकल्या. पहिलीचं हसू आलं. दुसरी वाचून वाटलं, घ्या, कुरकुर सुरू झाली. सणाच्या नाइट कुणाला तरी कराव्याच लागतात.

दुसरी चिठ्ठी परत बाहेर निघाली ती मे महिन्यात, आणि तिला निमित्त झाल्या फ्लोरेन्स नाइटिंगेलबाई.

12 मे हा बाईंचा जन्मदिवस, म्हणून आमचा परिचारिका दिन. फोटोला हार, दिवे, शपथ, मेट्रन मॅडमचं भाषण आणि मग एखाद्या सीनिअर सिस्टरनं मुलींशी बोलायचं. त्या वर्षी माझा नंबर. दिव्याची गोष्ट मी इतक्या वेळा सांगितली आहे की झोपेतही सांगेन: हातात दिवा घेऊन रात्री जखमी सैनिकांमध्ये फिरणारी बाई. या वेळी वाटलं, जरा वेगळं काहीतरी वाचून जाऊ. वाचलं, आणि माझी ती रात्र त्यातच गेली.

क्रिमियाच्या युद्धात, 1854 च्या नोव्हेंबरात, बाई 38 जणींना घेऊन स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात पोचल्या. आजच्या इस्तंबूलमधलं उस्कुदार म्हणजे तेच. त्यांनी काय काय केलं ते आपल्याला तोंडपाठ आहे: स्वयंपाकघर सुधारलं, कपडे धुवायची सोय केली, सामान मिळवलं, रात्री जागल्या. जे आपण मुलींना सांगत नाही ते हे, की त्या आल्यावर मृत्यू थांबले नाहीत. त्या हिवाळ्यात वाढत गेले. 1855 च्या फेब्रुवारीत स्कुटारीतला मृत्युदर शंभरात 42 च्या आसपास होता. मरणारे बहुतेक जखमांनी मरत नव्हते. हगवण, कॉलरा, ताप. इस्पितळाखालची गटारं तुंबलेली होती. मार्चमध्ये इंग्लंडहून स्वच्छता आयोग आला, त्यानं गटारं साफ करून घेतली, पाणी आणि हवा खेळती केली, आणि जूनपर्यंत तोच आकडा शंभरात दोनच्या जवळ आला.

खरी गोष्ट याच्या पुढं आहे. युद्ध चालू असताना बाईंचं मत असं की माणसं मरतात ती अन्नावाचून, कपड्यांवाचून, आणि इस्पितळात फार उशिरा, अर्धमेली होऊन पोचतात म्हणून. परत गेल्यावर विल्यम फार या आकडेतज्ज्ञाबरोबर त्यांनी सगळ्या इस्पितळांचे आकडे मांडले. आकड्यांनी सांगितलं की सैनिकांना मारलं ते घाणीनं, आणि आपलं स्कुटारी सगळ्यात वाईट इस्पितळांपैकी होतं. जिथं त्या रोज रात्री दिवा घेऊन फिरल्या तिथंच. तेव्हा त्या जगप्रसिद्ध होत्या, घरोघरी त्यांची चित्रं लागत होती. गप्प बसल्या असत्या तर कुणी विचारणार नव्हतं. त्यांनी ते आकडे रंगीत पाकळ्यांच्या आकृत्यांत मांडले, 1858 मध्ये छापले आणि उरलेलं आयुष्य गटारं, पाणी, खिडक्या यांच्या मागं लागण्यात घालवलं. हिंदुस्थानात कधी पाय न ठेवता इथल्या छावण्यांच्या सांडपाण्यावर त्यांनी वर्षानुवर्षं लिहिलं.

मला नमस्कार करावासा वाटला तो त्यांच्या वहीला. फिरताना बाईंना प्रत्येक सैनिकाचा चेहरा दिसला असेल, पण आपलं इस्पितळ काय करतंय हे दिसलं नाही. ते दिसायला टेबल लागलं, कागद लागला आणि शेजारी बसलेला एक माणूस लागला, ज्याला त्यांचं मन राखायचं नव्हतं.

भाषण झालं. मुलींना कितपत आवडलं कोण जाणे, मेट्रन मॅडम जरा अस्वस्थ वाटल्या. दुसऱ्या दिवशी मी ड्रॉवरमधली चिठ्ठी काढली आणि दोन वर्षांच्या ड्युटी लिस्ट घेऊन बसले. चोवीस याद्या. एक चौकटीची वही, उभ्या रकान्यात नावं, आडव्यात महिने, आणि प्रत्येकीच्या नाइटपुढं एकेक रेघ.

ड्युटी लिस्ट मी स्वतः लावते. लावायचे. वॉर्डची सोय बघून, असं माझं म्हणणं असायचं, आणि ते मी अगदी प्रामाणिकपणे म्हणायचे. रेघा मोजल्या तर तीन नावांपुढं बाकीच्यांपेक्षा महिन्याला दोन-दोन नाइट जास्त पडत होत्या. दोन्ही दिवाळ्यांच्या लक्ष्मीपूजनाच्या रात्री याच तिघींतल्या कुणाकडे तरी. रविवारची सुट्टी या तिघींना सगळ्यात कमी. मी मग त्या तिघींच्यात सारखं काय आहे ते शोधायला लागले. एकीनं एकदा मला न विचारता थेट मेट्रन मॅडमकडे रजा मागितली होती. दुसरीनं एका पेशंटच्या नातेवाइकांसमोर डॉक्टरांना माझ्याबद्दल काहीतरी सांगितलं होतं. आणि तिसरीनं रुजू झाल्याच्या पहिल्याच महिन्यात, विद्यार्थिनींसमोर, माझ्या तोंडून गेलेला एक चुकीचा डोस दुरुस्त केला होता. डोस तिचाच बरोबर होता. तेव्हा मी चष्मा पुसला होता का ते आठवत नाही. पुसला असणार.

ही तिसरी म्हणजे नऊ नंबरच्या उशाशी रात्रभर बसलेली पोर.

मी मुद्दाम केलं नव्हतं. हे वाक्य मी बरेच दिवस स्वतःला ऐकवत होते, पण त्यात काही दम नव्हता. मुद्दाम केलं असतं तर निदान मला माहीत तरी असतं.

तिघींपैकी एकीची तोवर बदली झाली होती. तिला फोन केला, काय मोजलं ते सांगितलं, माफी मागितली. ती म्हणाली, "अहो मॅडम, जाऊ द्या की आता." माफ केल्यावरचं 'जाऊ द्या' वेगळं आणि हे वेगळं, एवढं मला कळतं. मी जाऊ दिलं.

जूनपासून ड्युटी लिस्ट मुली आळीपाळीनं लावतात आणि मी फक्त सही करते. पहिल्या महिन्यात अशी भांडणं झाली की विचारू नका. एकीनं आपल्या मैत्रिणीला चार रविवार दिले, दुसरीनं ते खोडले. दोन वेळा मला वाटलं, आण इकडे ती वही.

मग आषाढ आला आणि माझी वारीच्या आरोग्य पथकात ड्युटी लागली.

ज्यांनी वारीत ड्युटी केली आहे त्यांना माहीत आहे, तिथं निम्मं काम पायांचं. फोड, भेगा, चपलेनं सोललेले घोटे, चिखल्या. समोर स्टुलावर पाय येतो, वरचं माणूस बघायला सवड नसते. "माउली, पाय द्या" म्हणायचं, सलाईननं धुवायचं, फोड जपायचा, पट्टी बांधायची. एका आजोबांचा तळवा इतका टणक होता की चिकटपट्टी धरेना. मी म्हटलं, दोन दिवस चालू नका. ते म्हणाले, "मग काय करू?" खरोखरचा प्रश्न होता तो. मला उत्तर सुचलं नाही. दोन जादा पट्ट्या त्यांच्या पिशवीत टाकल्या.

आमचं पथक तरडगावला होतं. त्या दिवशी चांदोबाच्या लिंबाजवळ पहिलं उभं रिंगण झालेलं, लोक आनंदात आणि दमलेले. संध्याकाळी पालखी तळावर आली, दिंड्या जागेवर उभ्या राहिल्या, हजारो टाळ एकदम चालू. इतका नाद की छातीत बसतो. चोपदारांनी चोप उंच केला आणि एक लांब 'होऽऽ' झाला. टाळ थांबले. एका क्षणात, पंख्याचं बटण बंद करावं तसे. मी आजवर कुठल्याही मीटिंगमध्ये अशी शांतता बघितलेली नाही, माझ्या चष्म्यामुळे झालेली धरूनसुद्धा.

फक्त एका कोपऱ्यात टाळ वाजतच राहिले. एकच दिंडी. मला वाटलं, त्यांच्यापर्यंत इशारा पोचला नाही, किंवा शिस्त नाही. शेजारी पट्टी बांधलेले एक माउली उभे होते, त्यांना विचारलं. ते म्हणाले, "तक्रार आहे त्यांची. वाजवणारच."

मग कळलं ते असं. दिवसभरात ज्या दिंडीची काही अडचण झाली असेल, तंबूची जागा, पाण्याचा टँकर, चालताना झालेली गैरसोय, ती दिंडी समाजआरतीच्या वेळी टाळ थांबवत नाही. चोपदार त्यांच्याकडे चालत जातात, काय झालं ते ऐकतात, तोडगा काढतात, तेव्हा त्यांचे टाळ थांबतात. मग हरवलं-सापडलं पुकारलं जातं, उद्याची निघायची वेळ सांगितली जाते, आणि आरती होते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकरांनी या सोहळ्याला आजची शिस्त लावली. ते शिंद्यांच्या पदरी होते, त्यामुळे लष्करी शिस्तीबद्दल सगळे बोलतात. त्या शिस्तीत तक्रारीची जागा कुठं आहे हे मात्र मी कधी ऐकलं नव्हतं.

चोपदार गर्दीतून वाट काढत त्या कोपऱ्याकडे चालले होते. बाकी सगळा तळ, एवढी दमलेली माणसं, पाय ठणकत असलेली, उभी. कुणी 'आवरा' म्हणत नव्हतं. माउलींची आरतीसुद्धा थांबून राहिली होती. आणि त्या दिंडीतल्या कुणा एकट्याला पुढं होऊन 'माझं असं असं झालं' म्हणावं लागत नव्हतं. त्यांनी फक्त जे चालू होतं ते थांबवलं नव्हतं.

मला माझी पेटी आठवली. कुलूप लावलेली. मी पोरींना अंधारात, एकेकटीनं, डाव्या हातानं लिहायला लावलं होतं.

पाचेक मिनिटांत त्या कोपऱ्यातले टाळ थांबले. काय तक्रार होती ते आमच्यापर्यंत पोचलं नाही.

परत आल्यावर डबा काढून टाकला. त्यात आता पुन्हा गॉज असतो. सकाळच्या ओव्हरमध्ये एक बदल केला: सगळ्या खाटा सांगून झाल्या की लगेच कामाला पळायचं नाही. सगळ्यांनी थांबायचं, विद्यार्थिनींनी, मावशींनी, राउंडला आलेले डॉक्टर असतील तर त्यांनीही, आणि मी विचारणार, "काल कुठं अडलं?" पहिली सुरुवात माझ्यापासून. पहिल्या दिवशी सांगितलं की इंडेंटमध्ये शंभर सिरिंजच्या जागी दहा लिहिल्या आणि कालची बोंब माझ्यामुळे झाली. सगळ्या जमिनीकडे बघत होत्या. दुसऱ्या दिवशी कुणी नाही. तिसऱ्या दिवशी कुणी नाही. तरुण डॉक्टर घड्याळ बघायला लागले. मी थांबायचेच, मोजून दोन मिनिटं. रिकामी दोन मिनिटं किती लांब असतात ते नाडी मोजणाऱ्या बाईला सांगायला नको.

तिसऱ्या आठवड्यात एक विद्यार्थिनी म्हणाली की एकाच नावाचे दोन पेशंट असले की तिला भीती वाटते. बस, एवढंच. त्यावरून खाटेला लाल पट्टी लावायचं ठरलं: एका नावाचे दोन पेशंट असतील तर दोघांच्या खाटेला पट्टी, आणि इंजेक्शन देताना 'तुमचं नाव काय' असं विचारायचं, आपण नाव घेऊन 'हां' वदवून घ्यायचं नाही. पुस्तकात हे आम्ही सगळ्या शिकलेल्या आहोत. वॉर्डात ते यायला फेब्रुवारी ते ऑगस्ट लागला.

चष्म्यासाठी मी एक दोरी आणली. गळ्यात अडकवायची असते ना, तशी. म्हटलं, काढला तरी हातात येणार नाही, छातीवर लोंबत राहील.

सप्टेंबरात एका रात्री पावणेतीनला फोन वाजला. तीच पोर. "मॅडम, चूक झालीय," पहिलंच वाक्य. सलाईनचा वेग चुकीचा लागला होता, तासाभराचं पंधरा-वीस मिनिटांत गेलं होतं, पेशंट वयस्क. अंधारात माझा हात उशाजवळचा चष्मा शोधत होता आणि मला खरं सांगायचं तर राग आला होता. झोपेतून उठवल्याचाही, पुन्हा हिच्याच हातून झाल्याचाही. मी म्हटलं, "डॉक्टरांना सांगितलंस?"

"आधी त्यांनाच. येतायत."

"बरं. बसवून ठेव, ऑक्सिजन तयार ठेव. येऊ का मी?"

ती क्षणभर थांबली. "नको मॅडम. लागलं तर पुन्हा करते फोन."

पेशंटला काही झालं नाही. मी उरलेली रात्र जागीच होते, पण फोन पुन्हा वाजला नाही.

सकाळी जरा तोऱ्यातच वॉर्डात गेले असेन. मावशी व्हरांडा पुसत होत्या. मला बघून फडकं थांबवलं.

"रात्री फोनवर बरं बोलला म्हणे."

"कोण म्हणालं?"

"म्हणाली ती." बादलीत फडकं बुचकळलं. "पण शिष्टर, आता तुम्ही ती दोरी ओढता."

माझा हात दोरीवरच होता. "कधीपासून?"

"आणली तेव्हापासनं."

"मग इतके दिवस सांगितलं का नाही?"

मावशींनी फडकं पिळलं, झटकलं, आणि खाली वाकत म्हणाल्या, "आज सांगितलं की. सरका, ओलं आहे."